गोळीने ब्लॉकेज विरघळतं का? स्टॅटिनबद्दल एका कोल्हापूरकर कुटुंबाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना ५३व्या वर्षी हार्ट अटॅक आला, कोल्हापुरातच अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅमची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली, गोळी चालू आहे. अटॅकच्या वेळी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४५ होतं, आता ६७ आहे. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून आल्यापासून वडील म्हणतात, “आता बास झाली गोळी, पोटऱ्या लई दुखत्यात.” तालमीतले जुने सोबती सांगतात की या गोळीनं अंगातली ताकद जाते आणि साखरही लागते. त्यात थोरल्या काकांचा, म्हणजे आबांचा, कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम बसलंय, याचा सीटी स्कॅनमधला आकडा) तीन वर्षं स्टॅटिन घेऊनही १४० वरून २१० झाला. मग या गोळीनं ब्लॉकेज विरघळतं की नाही? आणि विचारणारा मुलगा स्वतः ३८ वर्षांचा आहे, त्रास काही नाही, एलडीएल १४८. त्यानं गोळी सुरू करावी का?

वडिलांची गोळी बंद करू नका, हे आधीच सांगून टाकतो. का, ते नीट समजलं तर घरात रोजची हुज्जत घालावी लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि ब्लॉकेज म्हणजे त्यात साचलेला गाळ, हे चित्र माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या डोक्यात असतं. मग साहजिकच प्रश्न येतो की गाळ साफ झाला का? पण ब्लॉकेज करणारा चरबीचा थर, म्हणजे प्लाक, रक्तवाहिनीच्या पोकळीत साचत नाही. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो. रक्तातले एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतात. ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालल्यावर आत चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा मऊ गाभा तयार होतो आणि त्याच्यावर तंतूंचं एक आवरण येतं. सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे आतली वाट मोकळीच राहते. माणूस जोतिबाचा डोंगर चढून येतो, छातीत काही होत नाही, ईसीजी चांगला, स्ट्रेस टेस्टही चांगली. प्लाक मात्र आत असतो.

हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो वाट हळूहळू बुजल्यामुळे नव्हे. ते वरचं आवरण फाटतं, आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत त्यावर रक्ताची गुठळी धरते. अटॅक ज्या जागी येतो तिथे आधी अनेकदा चाळीस-पन्नास टक्केच अडथळा असतो. काल तालमीत जोर मारणारा माणूस आज आयसीयूत कसा, याचं उत्तर इथे आहे. फाटण्याचा सर्वात जास्त धोका असलेल्या प्लाकचं आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतं आणि खाली मऊ चरबीचा मोठा गाभा असतो. म्हणून मला पेशंटच्या बाबतीत जास्त काळजी असते ती ब्लॉकेज किती टक्के आहे याच्यापेक्षा प्लाक कच्चा आहे की पक्का याची.

आता गोळीचं काम पाहू. कोलेस्टेरॉल बनवण्याची शरीरातली साखळी यकृतात ज्या एन्झाइमपाशी अडवता येते, तिथे स्टॅटिन जाऊन बसतं. यकृतातलं कोलेस्टेरॉल कमी पडलं की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. हे रिसेप्टर शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं. औषधाचा शोध मात्र जपानचा. अकिरा एंडो या शास्त्रज्ञानं १९७१ पासून हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ साली पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. ती बुरशी सापडली होती क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. २०२४ साली नव्वदाव्या वर्षी एंडो गेले. त्यांच्या कामामुळे जगलेली माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, पण त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग ब्लॉकेज विरघळतं का? याचं मोजमाप झालेलं आहे. रक्तवाहिनीच्या आत बारीक सोनोग्राफीची तार घालून भिंतीतला प्लाक मोजता येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टेरॉइड’ अभ्यासात पेशंटना दोन वर्षं रोसुवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम दिलं. एलडीएल सरासरी साठच्या आसपास आलं. वाहिनीतलं प्लाकचं प्रमाण किती घटलं? सरासरी एक टक्का. २०११ च्या ‘सॅटर्न’ अभ्यासात दोन वेगवेगळी स्टॅटिन सर्वात मोठ्या डोसमध्ये दिली, तिथेही उत्तर तेवढंच आलं, एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे आकार कमी होतो हे खरं, पण ८० टक्क्यांचं ब्लॉकेज २० टक्क्यांवर येईल अशी आशा धरू नका, आणि तसं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारा लिंबू, आलं, लसूण आणि सफरचंदाच्या शिरक्याचा काढाही त्यातच आला. जेवणात लसूण-आलं जरूर खावं. पण त्या काढ्यानं प्लाक कमी झाल्याचं असं आतून मोजून कुणी दाखवलेलं नाही.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. आकार जेमतेम एक टक्का कमी होतो, मग अटॅक आणि मृत्यू इतके कसे घटतात? १९९४ च्या ‘फोर-एस’ अभ्यासात युरोपातल्या नॉर्डिक देशांमधले ४,४४४ हृदयरोगी होते. साधारण साडेपाच वर्षांत नुसती दिसायला औषधासारखी गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के दगावले, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. त्यानंतर जगभरचे मोठे अभ्यास एकत्र करून निघालेला हिशोब असा की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपासची गरज, हे सगळं मिळून साधारण एक-पंचमांश कमी होतं. तुमच्या वडिलांचं १४५ वरून ६७ झालं, म्हणजे बरोबर दोनदा ३९. त्यांचा पुढचा धोका, ते गोळीशिवाय राहिले असते त्या मानानं, चाळीस टक्क्यांच्या जवळपास कमी झालेला आहे. बिनगोळीच्या माणसात आणि त्यांच्यात हा एवढा फरक आहे, आणि तो अँजिओग्राफीच्या फोटोत दिसत नाही.

हा फरक पडतो तो प्लाकचा आकार बदलल्यामुळे कमी आणि जात बदलल्यामुळे जास्त. रक्तातून नवीन चरबी आत शिरणं मंदावलं की गाभा आटतो, सूज उतरते, पांढऱ्या पेशी कमी येतात आणि वरचं आवरण जाड होतं. प्रकाशकिरणांनी रक्तवाहिनीचं अस्तर पाहण्याची ओसीटी नावाची तपासणी आहे. तिच्यात हे जाड होणं प्रत्यक्ष मायक्रॉनमध्ये मोजलं गेलंय. अडथळा तेवढाच राहतो, पण फाटणारा प्लाक न फाटणारा होतो. मी पेशंटना गोळीचं मोल सांगतो ते याच एका गोष्टीसाठी.

आता आबांचा कॅल्शियम स्कोअर. यानं घाबरलेली बरीच कुटुंबं मी पाहतो आणि दोष त्यांचा नाही, कारण आकडा वाढला की आजार वाढला असंच कुणालाही वाटणार. प्लाक पक्का होताना त्यात कॅल्शियम बसतं. सीटी स्कॅनला दिसतं ते फक्त कॅल्शियम; मऊ चरबीचा गाभा त्या स्कोअरमध्ये मोजलाच जात नाही. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचा स्कोअर वाढतो आणि तरीही त्याचा धोका कमी झालेला असू शकतो. ‘पॅराडाइम’ नावाचा अभ्यास २०१८ साली आला. त्यात त्याच माणसांची सीटी अँजिओग्राफी काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा केली होती. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये एकूण प्लाक हळू वाढला, पण त्यातला कॅल्शियमचा भाग जास्त वाढला आणि फाटण्याची लक्षणं असलेला प्लाक कमी तयार झाला. आबांना हे सांगा. कॅल्शियम स्कोअर कामाचा असतो तो गोळी सुरू करायची की नाही हे ठरत नसताना. एकदा गोळी सुरू झाली की तीच तपासणी परत परत करण्यात अर्थ नाही, खर्च आणि धास्ती तेवढी वाढते. त्यांच्याकडे बघायचं ते एलडीएल, बीपी, साखर आणि चालताना छातीत दाब किंवा धाप येते का, हे.

पोटऱ्यांचं दुखणं मी झटकून टाकणार नाही. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे खरं आहे. पण किती जणांचे? एक लाखाहून जास्त लोकांच्या, गोळी खरी की खोटी हे कुणालाच माहीत नसलेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब २०२२ साली आला. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के होती आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. म्हणजे या वयात अंग दुखतंच, आणि दुखणाऱ्या बहुतेकांच्या दुखण्याचं कारण गोळी नसते. त्याहून बोलका अभ्यास २०२० चा, इंग्लंडमधला ‘सॅमसन’. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी रिकामी बाटली असा एकेक महिना दिला. खऱ्या गोळीच्या महिन्यात जेवढा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यातही झाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना दुखत होतंच. फक्त ते दुखणं औषधाच्या रसायनातून आलेलं नव्हतं, गोळीच्या धास्तीतून आलेलं होतं. तालमीच्या कट्ट्यावर रोज “ताकद जाते” ऐकलं की पोटरी दुखणारच.

तरी तपासायचं ते तपासायचं. खऱ्या स्टॅटिनच्या दुखण्याची एक तऱ्हा असते. ते बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि मांड्या, कंबर, खांदे अशा मोठ्या स्नायूंत जास्त जाणवतं. तीन वर्षं काही नव्हतं आणि आता फक्त पोटऱ्या दुखतात, तर मी आधी दुसरीकडे बघेन. चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते असं असेल, तर ते पायाच्या रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज असू शकतं, आणि मग तर स्टॅटिनची गरज आणखी वाढते! हृदयाच्या पेशंटच्या पायांच्या नाड्या तपासायच्या राहून जातात, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. रक्तात सीपीके (स्नायूंसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), ड-जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) बघून घ्या. थायरॉइड कमी असेल तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. सगळं ठीक निघूनही शंका राहिलीच, तर डॉक्टर थोडे दिवस गोळी थांबवून पुन्हा कमी डोसवर सुरू करतात किंवा दुसरं स्टॅटिन देतात. हे त्यांच्या देखरेखीखाली करायचं. मात्र अंग प्रचंड दुखून लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे दहा हजारांत एखाद्याला होतं, पण माहीत असावं.

साखरेचंही तसंच. स्टॅटिननं मधुमेह होण्याचं प्रमाण थोडं वाढतं. साधारण २५५ लोकांना चार वर्षं गोळी दिली तर त्यात एक जास्तीचा मधुमेही निघतो, आणि तो बहुतेक करून आधीच सीमारेषेवर असलेला असतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसानं या भीतीपोटी गोळी सोडणं हा व्यवहार मला कुठल्याही बाजूनं परवडणारा दिसत नाही. वर्षातून एकदा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करावं आणि पोटाचा घेर कमी ठेवावा. यकृताबद्दलची भीती तर फारच वाढवून सांगितली जाते. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या पुढे गेल्याशिवाय सहसा गोळी थांबवत नाहीत, आणि फॅटी लिव्हर असलं म्हणून स्टॅटिन वर्ज्य नसतं.

“रिपोर्ट नॉर्मल आला” या वाक्यापाशी थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातून होतं. ६७ हा आकडा गोळीचा आहे. गोळी सोडली की साधारण महिनाभरात एलडीएल जुन्या ठिकाणी जातं आणि चरबी भिंतीत शिरण्याचं काम पुन्हा सुरू होतं. स्टेंटनं वाहिनीचे दोन-तीन सेंटिमीटर उघडले. उरलेल्या सगळ्या वाहिन्यांत तोच आजार आहे, आणि त्यांच्यावर काम करणारं औषध रोजच्या गोळीत आहे. शिवाय फायदा वर्षागणिक साचत जातो. पहिल्या वर्षी तो कमी दिसतो, पुढच्या प्रत्येक वर्षी जास्त. स्कॉटलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६,५९५ पुरुष होते, त्यांना आधी अटॅक आलेला नव्हता. साधारण पाच वर्षं काहींनी प्राव्हास्टॅटिन घेतलं, काहींनी खोटी गोळी. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांतल्या लोकांनी आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं काय ते केलं. तरी वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा आधी औषध घेतलेल्या गटात हृदयविकाराचे मृत्यू कमीच होते.

उलट मी तर म्हणेन की वडिलांचं ६७ अजून पुरेसं नाही. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर शंभरच्या खाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, ते अटॅक न आलेल्या माणसासाठी. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, असं कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यासाठी रोसुवास्टॅटिन २० चं ४० करण्याची घाई मी करणार नाही. डोस दुप्पट केल्यानं एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं, आणि आशियाई लोकांच्या रक्तात हे औषध युरोपियनांपेक्षा जास्त चढतं. त्यापेक्षा जोडीला इझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं औषध) १० मिलिग्रॅम घेतलं की उरलेल्याचं आणखी पाचवा भाग कमी होतं, म्हणजे ६७ चं पन्नाशीच्या आसपास येईल. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. जनऔषधी केंद्रात स्टॅटिन स्वस्त मिळतं आणि घ्यायला हरकत नाही. महाग ब्रँड परवडत नाही म्हणून महिन्यातले दहा दिवस गोळी न घेणारे पेशंट पाहिले की जीव तुटतो. वेळेचं म्हणाल तर रोसुवास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. रोज एकाच वेळी घेतली की विसरायला होत नाही, एवढंच.

खाण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण ते सगळ्यांना ऐकून पाठ झालंय. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणं हा आपल्या गावचा संस्कार आहे, पण दिवसाला हजारभर जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाचा खुराक छप्पन्नाव्या वर्षी खुर्चीत बसणाऱ्याला चालत नाही. म्हशीच्या दुधाची साय काढा. मटण महिन्यातून एक-दोनदा, आणि वरचा तवंग बाजूला सारून. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधातही एलडीएल वाढवणारी चरबी भरपूर असते, तिखट नाही म्हणून तो हलका होत नाही. शेंगतेल वाईट नाही, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं वाईट. रंकाळ्यावरची रोजची फेरी चालू ठेवा. आणि तंबाखू, मग ती चुन्याबरोबरची असो की विडीतली, पूर्ण बंद. ती चालू ठेवून नुसत्या गोळीवर भिस्त ठेवता येणार नाही.

आता तुमचं स्वतःचं. ३८ वय, एलडीएल १४८, वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक. हा शेवटचा मुद्दा मला सर्वात वजनदार वाटतो. २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देश होते, आणि त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकी जगात जवळपास ५९. तुमचे वडील त्या आकड्यावर बरोबर बसतात. म्हणून तुम्ही आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी करा. हा आनुवंशिक कण आहे, खाण्यापिण्यानं किंवा स्टॅटिननं तो उतरत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. सोबत बीपी, एचबीएवनसी, टीएसएच बघा. तीन महिने खाणं आणि व्यायाम मनापासून करून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुन्हा करा; त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) फार वाढलेलं नसेल तर. एलडीएल शंभरच्या आसपास आलं आणि बाकी सगळं चांगलं निघालं तर थांबता येईल. १३० च्या वरच राहिलं, किंवा लिपोप्रोटीन-ए वाढलेलं निघालं, तर मी तुमच्या जागी गोळी सुरू करेन, रोसुवास्टॅटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम. कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून या वयात निर्धास्त होऊ नका; अडतिसाव्या वर्षी प्लाक असला तरी तो बहुधा मऊ असतो आणि स्कोअरमध्ये येत नाही. धाकटे भाऊ-बहीण असतील तर त्यांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या, आणि बहिणीला गोळी लागली तर गरोदरपण ठरवण्याआधी तिनं डॉक्टरांना सांगून ती थांबवायची असते.

वडिलांना पुढच्या तपासणीला नेताना जुने सगळे लिपिड रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आयुर्वेदिक चूर्णाची डबी असेल तर तीही. पोटरी किती चालल्यावर दुखते आणि थांबल्यावर किती वेळात जाते, हे आठवडाभर लिहून ठेवा. आबांना ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन चालू असेल आणि कुणी छातीच्या इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर घेण्याआधी स्टॅटिन चालू असल्याचं सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यानं स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते, आणि तेवढे दिवस स्टॅटिनची गोळी थांबवावी लागते किंवा दुसरं अँटिबायोटिक द्यावं लागतं.